चित्र उशिरा आलं की हात चुकतो

सिंहगड रस्त्यावर माझी बहीण राहते. तिच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला भाच्याने कॉम्प्युटर जोडलाय, टीपॉयवर जॉयस्टिक चिकटपट्टीने पक्की बसवलीय आणि रोज संध्याकाळी तो तिथे सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या लुटुपुटूच्या विमानात, सेसना १७२ हे छोटं विमान उडवतो. बारावी झालीय. बारामतीला विमान चालवायला शिकायचं हे त्याने मनाशी ठरवून टाकलंय. मे महिन्यात मी गेलो तेव्हा पोरगं अगदी हिरमुसलं होतं. "मामा, वर असताना सगळं नीट जमतं. धावपट्टी जवळ आली की विमान नुसतं वर-खाली उड्या मारतं. माझ्या हातातच काही नाही बहुतेक."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. माझं अर्धं आयुष्य मुलांना कंट्रोल सिस्टीम शिकवण्यात गेलंय, आणि यंत्रातला दोष माणसाने स्वतःच्या माथी मारून घेतलेला मी खूपदा पाहिलाय. मी त्याला म्हटलं, थांब, आधी मोजू.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारं. मोबाईल डब्याला टेकवून असा ठेवला की जॉयस्टिक आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. पडद्यावरच्या कॉकपिटमध्येही एक योक असतं, म्हणजे विमानाचं हँडल. तुम्ही जॉयस्टिक हलवली की ते तसंच हलतं. भाच्याने जॉयस्टिकला झटका दिला आणि आम्ही व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. त्याचा हात हलल्याची पहिली फ्रेम धरली आणि मोजायला लागलो. पाच, दहा, वीस. पडद्यावरचं योक ढिम्म. तीस. भाचा माझ्याकडे बघायला लागला. एक्केचाळिसाव्या फ्रेमला ते हललं.

४१ भागिले २४०, म्हणजे साधारण १७० मिलिसेकंद. सेकंदाचा सहावा हिस्सा. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण पोराचा आत्मविश्वास खायला तेवढा पुरला होता.

या उशिराला लॅग म्हणतात. विमानाच्या स्वतःच्या आळसाशी त्याची गल्लत होते, म्हणून ते आधी वेगळं करतो. काही वर्षांपूर्वी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये मी ग्लायडरमध्ये बसलो होतो. ग्लायडरचे पंख लांबलचक, वळायला त्याला वेळ लागतो. समोरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो, नाक तिरकं जातंय का ते त्यावरून कळतं. पायाने पेडल दाबलं की पायाला लगेच दाब लागतो, बूड किंचित सरकल्यासारखं वाटतं, धागा कलायला लागतो. पूर्ण वळण सावकाश येतं, पण त्याची सुरुवात त्याच क्षणी झालेली असते. लॅगमध्ये ही सुरुवातच उशिरा होते. मधल्या वेळात हाताला, डोळ्याला काहीच उत्तर मिळत नाही. म्हणून सिम्युलेटर तपासताना खऱ्या विमानाला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ बाजूला काढतात आणि यंत्राने त्यावर किती भर घातली तेवढंच मोजतात.

माणसं या उशिराशी जुळवून कशी घेतात हे बघायचं तर विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहावं. ढोल-ताशा पथक लांब असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ताशापासून ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलवाल्याला ताशा १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने कानावर विसंबून टिपरू मारलं तर सबंध रांग फाटते. म्हणून मागचे वादक डोळ्यांवर भिस्त ठेवतात. पुढच्याचं टिपरू खाली येताना बघायचं आणि त्याच्याबरोबर आपलं आणायचं. शिवाय ठेका पाठ असतो, पुढचा ठोका कधी पडणार हे अंगात भिनलेलं असतं.

सिम्युलेटरमध्ये नेमका डोळाच मागे पडतो, आणि वाऱ्याच्या झोताला ठेका नसतो. पाठांतर तिथे कामाला येत नाही.

आता मुख्य मुद्दा. थोड्याशा उशिराने एवढं काय बिघडतं? फार तर सगळं थोडं उशिरा होईल, असं वाटतं. तसं होत नाही, आणि का होत नाही ते झोपाळ्यावरून कळतं. हलता झोपाळा थांबवायचा तर तो ज्या दिशेने जातोय त्याच्या उलट्या दिशेने हात लावायचा. बरोबर वेळी लावला तर दोन-तीन फेऱ्यांत झोपाळा शांत. तोच हात पाव फेरी उशिरा लागला तर सगळा जोर वाया जातो, झोपाळा थांबत नाही. आणि पाव फेरीहूनही उशीर झाला तर तुम्ही झोपाळा थांबवत नसता, झोका देत असता. हात तोच, जोर तोच, हेतूही थांबवण्याचाच. फक्त वेळ चुकली.

विमानाचं नाक वर-खाली होतंय आणि एक फेरी एका सेकंदात पूर्ण होतेय असं धरू. पाव फेरी म्हणजे २५० मिलिसेकंद. डोळ्याने बघायचं, मेंदूने ठरवायचं, स्नायूने हलवायचं, यात माणसाचे स्वतःचेच २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. म्हणजे हाताशी उरतात जेमतेम ५०. तेवढ्यात चांगला हात नाक सावरतो. त्यात चित्राचा १५० मिलिसेकंदांचा उशीर घाला. एकूण झाले ३५०. आपण २५० ची रेघ ओलांडली, आणि आता प्रत्येक दुरुस्ती झोका वाढवतेय.

हाच हिशेब उंचावर करून बघा. तिथे घाई नसते. नाकाची एक फेरी दहा सेकंदांची असेल तर पाव फेरीला अडीच सेकंद मिळतात. त्यात ३५० मिलिसेकंद कुठल्या कुठे विरून जातात. भाचा म्हणाला होता तेच हे: वर सगळं नीट जमतं, धावपट्टी जवळ आली की बिघडतं. उतरताना, हवेत दुसऱ्या विमानाच्या शेजारी राहताना, हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना, म्हणजे जिथे जिथे बारीक आणि भराभर दुरुस्त्या कराव्या लागतात, तिथेच लॅग दात दाखवतो.

खऱ्या यंत्रात, खऱ्या आकाशात हे झालेलं आहे. २६ ऑक्टोबर १९७७, कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. अमेरिकेच्या स्पेस शटलचं चाचणीसाठीचं यान, एंटरप्राइझ, दुसऱ्या विमानाच्या पाठीवरून सुटं सोडल्यावर तरंगत उतरत होतं. चालवत होते फ्रेड हेज, अपोलो १३ मधून परत आलेले. ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स बघायला आलेले. काँक्रीटच्या धावपट्टीवर ठरलेल्या जागी टेकायचं होतं, वेग जरा जास्त होता, म्हणून हेज बारीक दुरुस्त्या करायला लागले. शटलच्या नियंत्रण यंत्रणेत कॉम्प्युटर होते आणि वैमानिकाचा हात आणि यानाला वळवणाऱ्या पंखांवरच्या हलत्या फळ्या यांच्यामध्ये उशीर होता. नाक वर-खाली, मग पंख डावे-उजवे डोलायला लागले, यान एकदा टेकून पुन्हा उसळलं. हात सैल झाले तेव्हा ते शांत झालं आणि सुखरूप उतरलं. त्यानंतर नासाने एफ-८ क्रुसेडर या लढाऊ विमानाच्या यंत्रणेत मुद्दाम उशीर घालून, तो कमी-जास्त करून वैमानिकांना उतरायला लावलं आणि कितव्या टप्प्यावर हात बिघडतो ते तपासलं. वैमानिकाच्या दुरुस्त्यांनीच डोलणं वाढत जाण्याच्या या प्रकाराला पीआयओ, म्हणजे पायलट-इंड्यूस्ड ऑसिलेशन, म्हणतात. हेज हे जगातल्या उत्तम वैमानिकांपैकी एक. तिथे हात कच्चा असण्याचा प्रश्नच नव्हता. भाच्याला मी ही गोष्ट तेवढ्यासाठीच सांगितली.

बरं, हा उशीर येतो कुठून? मोठ्या प्रशिक्षण सिम्युलेटरमध्ये हाताच्या हालचालीपासून चित्रापर्यंत बरीच ठाणी लागतात. आधी हँडलची स्थिती मोजली जाते. मग मुख्य कॉम्प्युटर विमानाची गणितं सोडवतो: पंखांवर किती जोर, नाक किती फिरलं, विमान कुठे पोचलं. ते आकडे चित्र काढणाऱ्या कॉम्प्युटरकडे जातात. तो धावपट्टी, झाडं, ढग कुठून कसे दिसतील ते ठरवतो, मग रंगवतो, मग प्रोजेक्टरकडे पाठवतो. प्रोजेक्टर चित्र वक्र पडद्यावर नीट बसावं म्हणून त्याला वाकवतो आणि मग दाखवतो. बहुतेक ठाणी सेकंदाला ६० वेळा काम उरकतात, म्हणजे एकेका ठाण्यावर १६.७ मिलिसेकंद. तीन ठाणी झाली की ५०.

त्यात आणखी एक गंमत आहे. कर्वे रस्त्याने जाताना सिग्नल एकमेकांशी जुळलेले नसले की एकावर हिरवा मिळतो आणि पुढच्यावर नेमका लाल. ठाण्यांची घड्याळं जुळलेली नसली तर तसंच होतं. आकडा केसाच्या अंतराने चुकला की पुढच्या फेरीपर्यंत थांबतो. मग उशीर कधी ८० असतो, कधी १००. माझ्या मते स्थिर उशिरापेक्षा हा बदलता उशीर अधिक वाईट, कारण स्थिर उशिराशी हात निदान जुळवून घेऊ शकतो.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये बनवलेला ट्रेनर हवेच्या भात्यांवर डोलायचा. त्यांच्या घरचा कारखाना पियानो आणि ऑर्गनचा, भाते तिथूनच आलेले. बाहेरचं दृश्य त्यात नव्हतंच. पुढे गावं, शेतं, धावपट्टी यांचा छोटा देखावा भिंतीएवढ्या फळीवर बनवून त्यावरून टीव्ही कॅमेरा फिरवायला लागले. वैमानिकाने हँडल हलवलं की कॅमेरा हलायचा. तिथला उशीर म्हणजे कॅमेरा वाहणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं जडत्व. १९७० च्या दशकात कॉम्प्युटरने काढलेली चित्रं आली, देखाव्याची फळी गेली, आणि उशीर लोखंडातून गणितात सरकला.

यावर नियम आहेत. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने विमानांच्या सिम्युलेटरचे ए ते डी असे दर्जे ठरवलेत. ए आणि बी साठी उशिराची मर्यादा ३०० मिलिसेकंद, सी आणि डी साठी १५०. २०१६ च्या सुधारणेनंतर नव्याने मान्यता घेणाऱ्या सी आणि डी दर्जाच्या सिम्युलेटरसाठी ती आणखी खाली आणली: चित्रासाठी १२०, सिम्युलेटरचं कॉकपिट हलवणाऱ्या बैठकीसाठी १००. डी दर्जा म्हणजे काय ते सांगितलं की या आकड्यांचं महत्त्व कळेल. अनुभवी वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण अशा सिम्युलेटरवर इतकं पूर्ण करू शकतो की तो त्या विमानात पहिल्यांदा बसतो तेव्हा मागे प्रवासी असतात.

नियमातली मला सगळ्यात आवडणारी अट क्रमाची आहे. बैठकीचा धक्का आधी लागला पाहिजे, चित्र त्याच्याबरोबर किंवा किंचित मागून आलं पाहिजे. उलटं चालत नाही. खऱ्या विमानात अंगाला ढकलल्याचं आधी जाणवतं, मग क्षितिज कललेलं दिसतं. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या बऱ्याच तल्लख असतात. अंग एक सांगतंय आणि डोळा दुसरं, असं झालं की मळमळतं, डोकं जड होतं. हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांना असा त्रास होतो ही नोंद १९५७ सालापासूनची आहे. घाटात गाडीत बसून पुस्तक वाचणाऱ्याला होतं तशातलाच हा प्रकार. उशीर हे त्याचं एकमेव कारण नाही, पण एक कारण नक्की आहे.

आता वैमानिक काय करतो ते बघा. लॅग सहसा लॅग म्हणून कळतच नाही. "चित्र उशिरा येतंय" असं क्वचितच कोणी म्हणतं. म्हणतात, विमान जड लागतंय. निसरडं आहे. धरून ठेवावं लागतंय. विमान हाताळायला कसं आहे याला वैमानिकाने १ ते १० गुण द्यायची एक पट्टी जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर यांनी १९६९ मध्ये तयार केली. त्यात १ म्हणजे उत्तम. विमानाचं गणित तसंच ठेवून फक्त उशीर वाढवत नेला तरी वैमानिक त्याच विमानाला वाईट गुण द्यायला लागतात.

आणि न कळत हात बदलतो. कोणी मऊ होतो: कमी हलवायचं, वाट बघायची, मग पुन्हा थोडं हलवायचं. यात झोका वाढत नाही, पण वाऱ्याचा झोत आला की सावरायला वेळ लागतो. कोणी पुढचं ओळखून आधीच हात हलवायला लागतो. हे जमतं, पण डोकं पूर्णपणे तिथेच गुंतून पडतं. वेग बघायचा राहतो, रेडिओवरचं ऐकायचं राहतं. कोणी हट्टाने जोर वाढवतो, त्याचं काय होतं ते वर आलंच.

मऊ झालेला हात मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण तो शिकल्यासारखा दिसतो. सरावाने गुण सुधारतात, शिक्षक खूश होतात, पण शिकलेला असतो तो त्या यंत्राचा उशीर. खऱ्या विमानात तो उशीर नसतो. तिथे वाट बघणारा हात मागे पडतो. शिकलेली गोष्ट खऱ्या कामात आडवी यावी, यापेक्षा प्रशिक्षणाचं मोठं नुकसान नाही.

सगळ्या विमानांना हे सारखंच लागू होत नाही. लोहगावला उतरणारी प्रवासी विमानं अवजड असतात, त्यांचा प्रतिसाद मुळातच सावकाश. त्यात थोडा उशीर मिसळला तर खपून जातो. लढाऊ विमान चपळ, आणि एका जागी तरंगणारं हेलिकॉप्टर तर तळहातावर तोललेल्या काठीसारखं असतं. क्षणभर दुर्लक्ष झालं की कलंडलं. खात्री करायची असेल तर घरी एक लांब काठी तळहातावर तोलून बघा. मग तेच मोबाईलच्या कॅमेऱ्यातून, फक्त पडद्याकडे बघत करा. कॅमेऱ्याचं चित्र किंचित उशिरा येतं, आणि काठी हातातून जाते. शेजारी काचेचं काही ठेवू नका.

उशीर पूर्ण घालवता आला नाही तर तो झाकता येतो. नासाच्या एम्स केंद्रातल्या रिचर्ड मॅकफार्लंड यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. विमान आत्ता कुठे आहे आणि कोणत्या वेगाने फिरतंय हे माहीत असतं, त्यावरून चित्र पडद्यावर पोचेल तेव्हा ते कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि त्या जागेवरून चित्र काढायचं. रस्ता ओलांडणारा माणूस येणाऱ्या रिक्षाकडे बघून हेच करतो. रिक्षा सरळ आली तर अंदाज बरोबर. ती मध्येच वळली तर चुकतो. सिम्युलेटरमध्येही एकदम झटका दिला की चित्र जरा पुढे जाऊन मागे येतं, आणि आकड्यांमधली बारीक थरथर मोठी होऊन दिसते. पुष्कळ कामाची युक्ती आहे, पण उशीर मुळातच कमी असण्याची सर तिला येत नाही.

डोक्याला लावायच्या व्हीआर चष्म्यांत तर निकष फारच कडक. तिथे मान वळवली तरी चित्र बदलावं लागतं, आणि मानेचं आतल्या कानाला लगेच कळतं. मान वळण्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत राहायचं, असं साधारण धरतात. २०२१ मध्ये युरोपच्या नियामक संस्थेने व्हीआरवर चालणाऱ्या हेलिकॉप्टर प्रशिक्षण यंत्राला पहिल्यांदा मान्यता दिली.

सिंहगड रस्त्यावर मात्र उपाय टीव्हीच्या रिमोटमध्येच होता. मालिका आणि क्रिकेट गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घालतो, रंग घोटतो, आणि हे करायला काही फ्रेम अडवून ठेवतो. सामना बघताना त्याचं काही वाटत नाही, कारण तिथे आपला हात बॅटवर नसतो. सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला की ही सगळी कारागिरी बंद होते. सिम्युलेटरमधली ढगांची आणि सावल्यांची प्रतवारी दोन पायऱ्या खाली आणली, कारण दिसायला सुंदर पण अडखळणाऱ्या चित्रापेक्षा साधं आणि एकसारखं चालणारं चित्र हाताला बरं. मग पुन्हा मोबाईल डब्याला टेकवला. या वेळी मोजणी विसावर थांबली. ८३ मिलिसेकंद.

मला वाटलं, झालं काम. दोन दिवसांनी भाच्याचा फोन. "मामा, आता तर आणखी वाईट उतरतोय. टेकायच्या आधीच नाक वर जातं." मला आधी वाईट वाटलं आणि मग उमगलं. तीन महिने १७० मिलिसेकंदांशी जुळवून घेतलेला हात होता तो. नाक केव्हा उचलायचं, किती उचलायचं, सगळं त्या उशिराच्या हिशेबाने बसलेलं. चित्र वेळेवर यायला लागलं आणि हात अजून जुन्याच घड्याळावर चालत होता.

त्याला म्हटलं, आठवडाभर उतरायचं सोड. हजार फुटांवर सरळ उड, नाक क्षितिजाच्या रेघेवर ठेव, मुद्दाम दोन बोटं वर ने आणि परत रेघेवर आण, रोज वीस मिनिटं. आठव्या दिवशी त्याने व्हिडिओ पाठवला. धावपट्टीवर येताना जॉयस्टिक धरलेला हात त्यात दिसतो. बारीक, भराभर हालचाली, आणि क्षितिज जवळपास स्थिर. चाकं टेकली तेव्हा मागून बहिणीचा आवाज आला, "आता तरी जेवायला ये."